सुरू न होणारा जुना ट्रॅक्टर

परतीचा पाऊस पडून गेला कीं नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागांत शेतकरी दिवस मोजीत नाहीं, ओल मोजतो. २०२४ सालीं अहिल्यानगर असें नांव मिळालेला हा जिल्हा बहुतांशीं पर्जन्यछायेंत आहे, आणि कर्जत, जामखेड, पारनेर या तालुक्यांतील रब्बी ज्वारी जमिनींत मुरलेल्या या ओलीवरच उभी राहते. भारी काळी जमीन पावसानंतर लगेच पाय ठेवूं देत नाहीं, आणि वाफसा आल्यावर फार दिवस वाटहि पाहत नाहीं. त्या मोजक्या दिवसांत पेरणी उरकली पाहिजे. अशा वेळीं गोठ्याशेजारचा तीस-पस्तीस वर्षांचा ट्रॅक्टर सुरूच झाला नाहीं, तर त्या घरावर कोणता प्रसंग येतो याची कल्पना शहरवासीयांना सहसा नसते. बैल पूर्वींच विकलेले असतात, आणि भाड्याचा ट्रॅक्टर त्याच आठवड्यांत साऱ्या गांवाला हवा असतो.

जुन्या ट्रॅक्टरांचा या जिल्ह्यांत तोटा नाहीं. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस वाढला. १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं लोणीजवळ सहकारी साखर कारखाना निघाला. उंसाच्या पैशाबरोबर यंत्रेंहि आलीं. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांनीं १९६३ सालीं एकत्र येऊन मुंबईंत ट्रॅक्टरांचा कारखाना काढला, आणि त्यांच्या बी-२७५ सारख्या साध्या, दणकट इंजिनांवर शेतकऱ्यांची एक पिढी यंत्रविद्या शिकली. नगर शहरांतील १९९४ सालच्या रणगाडा संग्रहालयांत जुनीं यंत्रें मुकीं उभीं राहूं शकतात. शेतावरच्या यंत्राला ती सवलत नाहीं.

ट्रॅक्टर बंद पडला कीं घरांत पहिला उद्गार निघतो तो “इंजिन गेलें” असा. बहुधा तें गेलेलें नसतें. डिझेल इंजिनांत पेट्रोलच्या मोटारीप्रमाणें ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सुमारें सोळाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्या दाबानें ती पांचशें अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापते, आणि तींत फवारलेलें डिझेल आपोआप पेटतें. तेव्हां इंजिन वेगानें फिरणें, डिझेल पोंचणें आणि दाब टिकणें, एवढ्यांतच सारें आलें. यांपैकीं पहिल्या दोहोंची परीक्षा पान्याचा खर्च आहे, तिसरीची हजारों रुपयांचा. म्हणून क्रम उलटा करूं नये.

किल्ली फिरवतांना पुढचा दिवा लावून ठेवावा. दिवा एकदम मंदावला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचीं टर्मिनलें पांढऱ्या-हिरव्या क्षारांनीं माखलीं आहेत. पुष्कळदां नवी बॅटरी घेऊन येणाऱ्याला हें मागाहून कळतें, कीं जुनीचीं टर्मिनलें सोड्याच्या गरम पाण्यानें धुऊन आवळलीं असतीं तरी भागलें असतें. दिवा तेजस्वी राहिला आणि नुसता खटका वाजला, तर दोष सेल्फकडे किंवा त्याच्या जाड तारेच्या जोडांत शोधावा. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये. मध्यें मिनिटभर त्याला निवूं द्यावें.

इंजिन जोरानें फिरतें पण पेटत नाहीं, असें झालें कीं नजर धुराच्या नळीकडे वळवावी. कांहींच धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाहीं. येथें प्रथम इंजिन बंद करण्याची ओढणी आंत ढकललेली आहे ना, तें पाहावें. (मिस्त्री चार कोसांवरून येतो, ती ओढणी ढकलतो आणि चहा घेऊन जातो, असें घडतें.) मग टांकीचा कॉक, फिल्टरमधला गाळ, तळाशीं सांचलेलें पाणी. त्यानंतर खेड्यांत ज्याला “गाडीनें एअर घेतली” म्हणतात तो दोष. टांकी एकदां तळाला गेली, एखादा वॉशर झिजला, रबरी नळीला चीर पडली, कीं हवा आंत शिरते. आणि जेथून ती शिरते तेथून डिझेल गळेलच असें नाहीं. डिझेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. पंप बुडबुडाच दाबीत बसतो आणि नोझल उघडत नाहीं.

ती काढण्याची रीत अशी: फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू दोन-तीन आटे सैल करून पंपाच्या बगलेचा लहान दांडा हातानें हलवावा. प्रथम फेंसाळ डिझेल येतें. निर्मळ धार लागली कीं ती चालू असतांनाच स्क्रू आवळावा. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूशीं हेंच करावें, आणि तरीहि न भागल्यास नोझलच्या नळ्यांचे नट किंचित् सैल करून सेल्फ मारावा. त्या वेळीं हात किंवा चेहरा जवळ नेऊं नये. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आंत जाते. जखम सुई टोचल्याएवढी दिसली तरी तत्काळ शस्त्रवैद्याकडे जाण्याची असते.

धूर पांढरा येत असेल, तर डिझेल पोंचतें आहे पण पेटत नाहीं. पौषांतल्या थंड सकाळीं असें होतें. ऊन चढल्यावर तोच ट्रॅक्टर निमूट सुरू झाला, तर चिंतेचें कारण लहान. दुपारींहि पांढराच धूर राहिला, तर मात्र दाब कमी झाला असें समजून मिस्त्रीला बोलवावें. हवेच्या नळींत पेट्रोल ओतणें हा उपाय नव्हे. त्यानें पिस्टन फुटतात.

घाईंतली दुसरी एक युक्ति याहून घातक आहे. किल्ली दाद देत नाहीं म्हणून माणूस मागच्या चाकापुढें उभा राहतो आणि पेंचकसानें सेल्फचे दोन जोड एकमेकांना टेकवतो. ट्रॅक्टर गिअरमध्यें असला तर तो सुरू होतांच चालूं लागतो, आणि चाकापुढून बाजूला व्हायला वेळ मिळत नाहीं. टोचन लावून ओढतांनाहि साखळीच्या आसपास मुलें उभीं असूं नयेत.

इंजिन लागल्यावर घाईनें शेताकडे निघण्यापूर्वीं चार्जिंगचा कांटा पाहावा. तो हलत नसेल तर डायनामोचा पट्टा सैल आहे, आणि उद्यां सकाळीं हाच ट्रॅक्टर पुन्हां मुका राहील.