चूल घरची, धूर गावाचा

(पर्यावरण आणि नागरी कर्तव्य या विषयावरील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. घरात लाकूड जाळण्यावर नगरपालिकेने नियम करावेत का, आणि केलेच तर कसे करावेत, असा हा प्रश्न आहे. कारखान्याची चिमणी किंवा बसगाड्यांचा धूर यांविषयी आपण तावातावाने बोलतो. घरच्या शेगडीविषयी मात्र बोलत नाही. कारण तेथे दोषी म्हणून दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवता येत नाही. म्हणूनच हा विषय विचारार्थ घेतला आहे.

आपल्या परंपरेत अग्नीला देवत्व आहे. विवाहाचा साक्षीदार तोच आणि अखेरचा सोबतीही तोच. परंतु अग्नी आणि धूर यांत आपल्या पूर्वसूरींनी भेद केला होता, हे विसरता कामा नये. न्यायशास्त्रात डोंगरावरील धूर पाहून अग्नीचे अनुमान करण्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. धूर असेल तेथे अग्नी असतोच. पण अग्नी असेल तेथे धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर केव्हा होतो? अग्नीला ओल्या इंधनाचा संयोग होतो तेव्हा. नैयायिकांनी तर्कासाठी योजलेला हा दृष्टांत आजच्या वायुप्रदूषणाच्या शास्त्रातही तंतोतंत लागू पडतो.

लाकूड ओले असले की उष्णतेचा मोठा भाग त्यातील पाणी वाफवण्यात खर्च होतो, ज्वाला थंडावते आणि ज्वलन अपुरे राहते. जे पूर्ण जळायला हवे ते काजळी, डांबरासारखी द्रव्ये, कार्बन मोनॉक्साइड आणि सूक्ष्म कण यांच्या रूपाने बाहेर पडते. अडीच मायक्रॉनहून लहान असलेले हे कण केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्याइतके बारीक असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही थेट रक्तातही उतरतात. श्वसनविकारांइतकेच हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही त्यांचा संबंध सिद्ध झाला आहे.

आता नियमांकडे वळू. या बाबतीत जगाला जाग आणली ती लंडनने. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत त्या महानगरावर धूर आणि धुके यांचा दाट थर साचला. त्या वेळच्या हिशेबाने सुमारे चार हजार माणसे दगावली; पुढील संशोधनाने हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्या धुरात घरोघरी पेटणाऱ्या कोळशाच्या शेकोट्यांचा वाटा फार मोठा होता. सर ह्यू बीव्हर यांच्या समितीने १९५४ साली अहवाल दिला आणि १९५६ साली 'क्लीन एअर अ‍ॅक्ट' संमत झाला. आपला परिसर 'धूरनियंत्रित क्षेत्र' म्हणून घोषित करण्याचा अधिकार त्याने स्थानिक संस्थांना दिला.

या कायद्यातील एक तरतूद मला दंडाच्या कलमांपेक्षाही महत्त्वाची वाटते. जुनी शेकोटी बदलून निर्धूर साधन बसवणाऱ्या घरमालकाला खर्चाच्या दहापैकी किमान सात हिस्से परत मिळत. त्यातील चार हिस्से केंद्र सरकार उचलत असे. शासनाने नागरिकाला 'हे करू नकोस' एवढेच सांगितले नाही. 'हे कर, आणि खर्चात आम्ही वाटेकरी आहोत' असेही सांगितले. कायदा टिकला तो यामुळे.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील लॉन्सेस्टन या नगराचे. दरीत वसलेले हे गाव. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा दरीत साचते, वर उष्ण हवेचे झाकण बसते आणि धूर कोंडून राहतो. २००१ साली तेथील ६६ टक्के घरे लाकडावर ऊब घेत होती. त्या वर्षी मोहीम सुरू झाली: लोकांना समजावणे, नियम पाळायला लावणे आणि लाकडी शेगडी काढून विजेचे साधन घेणाऱ्यास अर्थसाहाय्य देणे. टास्मानियात वीज मुख्यतः जलविद्युत असल्याने धूर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेला, असेही झाले नाही. २००४ पर्यंत लाकडी शेगड्यांची घरे ३० टक्क्यांवर आली.

परिणाम काय झाला? हिवाळ्यात हवेतील कणांचे दैनिक सरासरी प्रमाण घनमीटरला ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर उतरले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हिवाळ्यातील श्वसनविकारांचे मृत्यू सुमारे २८ टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले. गाव लहान असल्याने या आकड्यांत काही अनिश्चितता आहे, हे अभ्यासकांनीच नोंदवले आहे. तरीही कारखाना बंद न करता, केवळ घरोघरच्या शेगड्या बदलून एका गावाची हवा पालटली, ही गोष्ट लहान नव्हे.

कॅनडातील माँट्रियलने वेगळी शिकवण दिली. तेथे १ ऑक्टोबर २०१८ पासून तासाला अडीच ग्रॅमपेक्षा अधिक सूक्ष्म कण सोडणाऱ्या शेगड्यांना मनाई आहे, आणि प्रदूषणाचा इशारा असेल त्या दिवशी चांगल्या शेगड्यांनाही. मात्र वीज तीन तासांहून अधिक काळ गेली, तर लाकूड जाळण्यास मुभा आहे. जानेवारी १९९८ च्या बर्फाच्या वादळात विजेच्या तारा कोसळून तेथील लाखो लोक कडाक्याच्या थंडीत अंधारात बसले होते. ती आठवण ज्या नगराला आहे, त्याने नियमात माणसाच्या जिवाला जागा ठेवली. नियम कठोर असावा, पण आंधळा नसावा.

याउलट, अंमलबजावणी ढिली असेल तर काय होते तेही इंग्लंडातच दिसते. १ मे २०२१ पासून तेथे किरकोळ विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडातील ओल्याव्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, असा नियम झाला. नैयायिकांचे ओले इंधन अखेर कायद्यात आले म्हणायचे! धूरनियंत्रित क्षेत्रात धूर सोडणाऱ्यास १७५ ते ३०० पौंड दंडही ठरला. परंतु तक्रारी हजारोंनी येऊनही दंड झाला तो अगदी मोजक्यांना. तेथे आता लाकडी शेगडी ही गरिबाची गरज न राहता संपन्न घरातील शोभेची वस्तू झाली आहे. शोभेसाठी शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर भार टाकण्याचा अधिकार कोणाला नाही, असे म्हणण्याचे धैर्य नगर दाखवू शकले नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे प्रश्नाचे स्वरूप नेमके उलट आहे. तेथे शेगडी उबेसाठी, येथे चूल पोटासाठी. तेथे धूर धुराड्यातून शेजाऱ्याकडे जातो. येथे तो आधी चुलीपुढे बसलेल्या माउलीच्या आणि तिच्या कुशीतील बाळाच्या छातीत जातो, मग बाहेर पडतो. आणि बाहेर पडतो तेव्हा तो लहान नसतो. भारतीयांच्या वाट्याला येणाऱ्या बाहेरच्या सूक्ष्म कणांपैकी सुमारे चतुर्थांश घरगुती ज्वलनातून येतात, असे अभ्यासकांचे अनुमान आहे.

या दिशेने प्रयत्न नव्याने सुरू झालेले नाहीत. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगनचूल निघाली. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि २००२ साली संपला. अनेक ठिकाणी चूल बसली, पण धुराडे फुटल्यावर दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. १ मे २०१६ रोजी बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली. तिची आठ कोटी जोडण्यांची उद्दिष्टपूर्ती ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत झाली. हे मोठे काम आहे. परंतु त्याच वर्षीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सिलिंडर पुन्हा भरून घेण्याच्या अल्प प्रमाणाकडे लक्ष वेधले. जोडणी घरात येणे आणि धूर घरातून जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मधले अंतर पैशाचे आहे, तसेच सवयीचेही.

शहरात नियमाची पावले पडू लागली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. आदेश योग्य होता. परंतु पिढ्यान् पिढ्या भट्टी चालवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला नव्या भट्टीचा खर्च कोठून आणावा हा प्रश्न पडला, तर तोही अयोग्य म्हणता येणार नाही. १९५६ सालचे ते सात हिस्से येथे आठवावेत.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, ज्याला पर्याय परवडतो त्याने आधी बदलावे. वाड्यातील तांब्याचा बंब आठवणीत सुंदर आहे. पण छपरावर सौर तापक असताना रोज पहाटे तो पेटवणे हे परंपरेचे रक्षण नव्हे. सोसायटीचा पालापाचोळा जाळण्याऐवजी त्याचे खत करावे. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात थंडीच्या रात्री पेटवलेल्या शेकोटीत टायर आणि प्लॅस्टिक तरी पडू नये. रखवालदार थंडीसाठी ते जाळत असेल, तर त्याला रागावण्याआधी एक चांगली घोंगडी आणि बंदिस्त चौकी द्यावी. दुसरी गोष्ट, वस्तीत काम करणाऱ्यांनी गॅसजोडण्यांबरोबर गेल्या वर्षी किती सिलिंडर भरले तेही विचारावे. अडचण जेथे असेल तेथेच साहाय्य पोचवावे. तिसरी गोष्ट, नगरपालिकेकडे नियमाची मागणी करताना पर्यायाची आणि अनुदानाचीही मागणी करावी. आधी साहाय्य, मग मुदत, आणि शेवटी दंड हा क्रम पाळला, तर लोक नियमाला आपला मानतात.

चूल घरची असली, तरी धूर गावाचा असतो. उंबरठ्याच्या आतील स्वातंत्र्याला उंबरठ्याबाहेरील माणसाचे भान असणे, यालाच आपण संस्कार म्हणत आलो आहोत. ते भान जागे असेल तर नियम सौम्य असला तरी पुरतो. ते नसेल तर कितीही कडक नियम धुरासारखाच विरून जातो.