लहान मोटारींची ने-आण



वसंतातील व्याख्यानांसाठी संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय निवडण्याचा आपला परिपाठ आहे. त्यातून हे खुलताबाद. इथे बादशहापासून सूफी संतांपर्यंत कितीतरी माणसे चिरविश्रांती घेत आहेत. अशा गावी, चिमुकली जुनी मोटार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशी न्यावी, हा विषय घेऊन उभे राहायचे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच. पण विषय वाटतो तितका पोरकट नाही.

चिमुकली मोटार म्हणजे कोणती, ते आधी सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पेट्रोल महाग आणि माणसांच्या हातात पैसा कमी, अशी अवस्था होती. स्कूटरपेक्षा थोडी मोठी, वर छप्पर असलेली, दोघांना पावसात न भिजता नेणारी गाडी लोकांना हवी होती. इटलीत १९५३ साली ‘इसेटा’ निघाली आणि १९५५ पासून जर्मनीत बीएमडब्ल्यूने ती बनवली. विमाने बांधणाऱ्या मेसरश्मिटला युद्धानंतर विमाने बांधायला बंदी होती. त्या कारखान्यातून तीन चाकांची, विमानासारखे काचेचे झाकण असलेली गाडी बाहेर पडली. १९५६ च्या सुएझच्या पेचाने पेट्रोल आणखी आटले आणि या गाड्यांना बरे दिवस आले. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९६२ साली निघालेली ‘पील’ तर एकाच माणसाची, अवघी एकोणसाठ किलोची. आपल्याकडे पूर्वी गव्हाचे पोते याहून जड असे!

हे सारे परदेशचे झाले. पण महाराष्ट्रात इचलकरंजीला शंकरराव कुलकर्णी नावाच्या गृहस्थांनी हाच प्रश्न स्वतःच्या हिमतीवर सोडवायला घेतला होता. शिक्षण बेताचे, पाठीशी कारखाना नाही. १९४९ साली त्यांची पहिली दोन माणसांची गाडी रस्त्यावर आली. तिचा नोंदणी क्रमांक एमएचके १९०६. पुढे वीसेक वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले आणि १९७० च्या सुमारास ‘मीरा’ या नावाने शेवटचा नमुना सिद्ध झाला. हवेने थंड होणारे दोन सिलिंडरचे इंजिन मागच्या बाजूला, आणि किंमत बारा हजारांच्या घरात ठेवण्याचा मानस. पण परवाने आणि सरकारी साहाय्य मिळाले नाही, उत्पादन सुरू झालेच नाही. १९८३ साली दुसरीच छोटी मोटार देशभर धावू लागली. ‘मीरा’ नमुन्यांपुरतीच उरली.

मला या गोष्टीत दुःखापेक्षा जबाबदारी अधिक दिसते. ज्या गाडीच्या हजारो प्रती निघाल्या, तिची एखादी चढवता-उतरवताना मोडली तर भाग मिळतात, दुसरी गाडी मिळते. हाताने ठोकून बनवलेल्या नमुन्याचा पुढचा पत्रा एकदा चेपला, की तो बनवणाऱ्याच्या हातची खूण गेली. आणि माझ्या पाहण्यात असे आले आहे की, जुन्या छोट्या गाड्यांचे मोठे नुकसान धावताना फारसे होत नाही. ते होते त्यांना दुसऱ्या गाडीवर चढवताना आणि बांधताना.

ती चालवतच का नेऊ नये, असे कोणी विचारील. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. नोंदणीक्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि असे वाहन प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतेच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई आहे. शिवाय हे नियम दुचाकी आणि चारचाकी वाहनांसाठी आहेत. बिचाऱ्या तीन चाकांच्या मेसरश्मिटची आठवण कोणाला झालेली दिसत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तेरा घोड्यांच्या इंजिनाने घाट चढायचा आणि मागे उसाच्या ट्रकांची रांग लावायची, यात शहाणपण नाही.

तेव्हा वाहून नेणे आले. आपल्याकडे पहिला विचार येतो तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा. घरात असते, भाडे नाही, चुलतभाऊ चालवायला तयार. तरी ती नको. तिला बहुधा स्प्रिंग नसतात. ती टनावारी उसासाठी बांधलेली. साडेतीनशे किलोची इसेटा तिच्यावर चाळणीतल्या दाण्यासारखी उडते. शिवाय ट्रॉलीची फळी जमिनीपासून मीटरभर उंच. दोन मीटर लांबीच्या फळ्या लावून साडेतीनशे किलो एवढे चढवायचे, तर निदान पावणेदोनशे किलोचा जोर लागतो. तेच ट्रेलर अर्धा मीटर उंच असेल तर जोर निम्म्यावर येतो, आणि फळ्या तीन मीटरच्या घेतल्या तर साठ किलोच्याही आत. मग दोन माणसे, न ओरडता, गाडी वर घेतात. ट्रॉलीशिवाय गत्यंतरच नसेल, तर ती शेताच्या बांधाला किंवा मातीच्या धक्क्याला मागून भिडवा आणि गाडी सपाटीवरून आत घ्या. जनावरे चढवताना आपण हेच करतो.

दुसरा पर्याय छोट्या टेम्पोचा. २००५ साली आलेला ‘छोटा हत्ती’ गावोगावी भाड्याने मिळतो. त्याचा हौदा सुमारे सात फूट लांब, इसेटा साडेसात फुटांची. मागचे फळकूट उघडे ठेवावे लागते. जवळच्या अंतराला हे चालेल. मेसरश्मिट मात्र नऊ फुटांच्या वर जाते, तिचा विचार सोडून द्या.

वारंवार ने-आण करायची असेल त्याने स्वतःचे ट्रेलर घ्यावे. घ्यायला गेले, की विकणारा म्हणतो, मोठे घ्या, पुढेमागे उपयोगी पडेल. हा सल्ला इथे लागू नाही. दोन टनांसाठी बनवलेल्या ट्रेलरच्या पाट्यांच्या स्प्रिंगा हलक्या गाडीखाली वाकतच नाहीत, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट त्या जुन्या सांगाड्याला पोचतो. ट्रेलर ओझ्याच्या बेताचे असावे. चाके मात्र फार लहान नकोत. आठ इंची चाक त्याच अंतरात जास्त फेरे घेते आणि बेअरिंग लवकर तापते. वाटेत थांबाल तेव्हा चाकाच्या मधोमध हात लावून पाहा. चटका बसला तर पुढे जाऊ नका.

आता तळाची फळी. मोठ्या मोटारींसाठीच्या पुष्कळ ट्रेलरांना डावी-उजवी अशा दोनच पट्ट्या असतात, मध्ये मोकळे. इसेटाची पुढची चाके एकमेकांपासून सुमारे एकशेवीस सेंटिमीटर आणि मागची जेमतेम बावन्न. म्हणजे पुढची चाके पट्ट्यांवर ऐटीत चढतात आणि मागची मधल्या पोकळीत उतरतात. मेसरश्मिटचे मागचे एकटे चाक तर मधोमधच. म्हणून तळ सलग हवा, आणि चढवायच्या फळ्या दोन नकोत, तीन हव्यात.

इसेटाची आणखी एक गंमत. तिचा दरवाजा म्हणजे तिचा सबंध चेहरा. बाजूला दारच नाही. उत्साहाने ती चालवत ट्रेलरच्या पुढच्या कठड्याला टेकवली, की चालक आत अडकलाच. मग कापडी छतातून बाहेर पडणाऱ्या गृहस्थांना पाहून लहान मुलांची चांगली करमणूक होते. तिला ढकलून चढवावे, नाहीतर दोरखंडाच्या चरकाने ओढावे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वजन कुठे येते ते. ट्रेलरचे ओझे आसाच्या मागे गेले, की ट्रेलर वेगात शेपटीसारखे डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते आणि ओढणारी गाडीही त्याच्याबरोबर नाचते. त्यासाठी भरल्या ट्रेलरच्या वजनाचा पाच ते दहा टक्के भार जोडणीच्या टोकावर यायला हवा. अडीचशे किलोचे ट्रेलर आणि साडेतीनशेची गाडी मिळून सहाशे झाले; टोकावर तीस ते साठ किलो हवेत. हे डोळ्यांना कळत नाही. आडतीच्या दुकानातला काटा आणून टोक त्यावर टेकवा. टोकापासून आस तीन मीटरवर असेल, तर गाडी दहा सेंटिमीटर पुढे सरकवल्याने टोकावरचा भार जवळजवळ बारा किलोंनी वाढतो. म्हणजे एका वितीचा फरक पुरेसा असतो. ‘मीरा’, फियाट ५००, गोगोमोबिल या मागे इंजिन असलेल्या गाड्या. तोंड पुढे करून उभ्या केल्या की जड बाजू मागे येते. अशी गाडी बरीच पुढे घ्या, किंवा तिला उलटी चढवा. काय केले म्हणजे बरे, ते काटाच सांगेल. एकदा मापात बसली, की फळीवर रंगाने रेघ मारून ठेवा.

बांधताना दोर गाडीच्या अंगावरून टाकू नये. पत्रा पातळ असतो, काही गाड्यांचे अंग तर फायबरचे. रॅचेटचे रुंद पट्टे चाकांवरून किंवा आसाला घालावे, चारही कोपऱ्यांना वेगवेगळे ओढावे, चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत. नायलॉनचा दोर ताणला जातो, त्याच्यावर भरवसा नको. निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरांत एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळावे. ते हटकून सैल झालेले असतात. पेट्रोलची तोटी बंद करायला विसरू नका. टाकी वर आणि इंजिन खाली अशी रचना असली, की हादऱ्यांनी कार्बुरेटर भरून वाहतो, आणि मागे पेट्रोल ठिबकत असल्याचे पुढच्या चालकाला कळत नाही.

आपल्या गावाचा प्रश्न घाटाचा. खुलताबाद आसपासच्या सपाटीहून सुमारे पाचशे फूट उंच आहे. सहाशे किलोचे ट्रेलर वेरूळकडे किंवा दौलताबादकडे उतरताना जेवढी शक्ती मोकळी होते, तिने अडीच लिटर थंड पाण्याला उकळी येईल. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील, तर ही सारी उष्णता ओढणाऱ्या गाडीने सोसायची. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला भरून साडेसातशे किलोंची मर्यादा आहे. मी म्हणेन, घाटातल्या माणसाने पाचशेच्या पुढे ब्रेक घ्यावेतच. आणि उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, मध्यावर नव्हे. जोडणी सुटली तर ट्रेलर मोकळे धावू नये म्हणून दोन साखळ्या टोकाखालून एकमेकींना छेदून लावाव्या, म्हणजे टोक जमिनीवर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडते.

दौलताबादचा दिल्ली दरवाजा तर आपल्या ओळखीचाच. सुट्टीच्या दिवशी त्याच्या तोंडाशी गाड्या अडकतात आणि मागे घ्या, मागे घ्या असा गलका होतो. ट्रेलर मागे घेताना चक्र उलटे फिरवावे लागते, आणि ट्रेलर जितके आखूड तितके ते झटकन आडवे होते. लहान मोटारीचे ट्रेलर आखूडच असते. मोकळ्या मैदानावर चार रविवार याचा सराव करावा. तरी अडलातच, तर चाकांना दगड लावून ट्रेलर सोडा आणि चौघांनी हाताने वळवा. हे सुख मोठ्या ट्रेलरवाल्यांना नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हे नोंदणी करण्याजोगे वाहन आहे. गावच्या लोहाराकडून बांधून घेतले आणि जोडले, असे चालत नाही. त्याचा स्वतःचा क्रमांक लागतो, आणि मागे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही दिसला पाहिजे. विमाही पाहून घ्यावा.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका गाडीचा उल्लेख करायचा राहिला. बजाजने २०१२ साली एक लहान चारचाकी लोकांपुढे ठेवली आणि पुढे वाळूजच्या कारखान्यात ती ‘क्यूट’ नावाने तयार झाली. दोनशे सोळा घनसेंटिमीटरचे इंजिन, लांबी पावणेतीन मीटर. तिच्यासारख्या गाड्यांसाठी क्वाड्रिसायकल हा निराळा वर्ग खासगी वापराला २०१८ साली मोकळा झाला. आज तिला कोणी जपून ठेवील असे वाटत नाही. इसेटाविषयीही एके काळी कोणाला तसे वाटत नव्हते. ज्यांच्या घरी ती असेल त्यांनी निदान कागद आणि सुटे भाग टाकून देऊ नयेत.

बाहेर पटांगणात एक ट्रेलर उभे आहे आणि शेजारी आडतीवरून आणलेला काटा ठेवला आहे. गाडी इथे नाही, म्हणून ज्वारीची सात पोती ठेवली आहेत. ती पुढेमागे सरकवून टोकावरचा भार कसा बदलतो, ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पाहावे.