वार्ताहर आपल्या वावरातून निघाला पाहिजे
(सव, ता. महाड, जि. रायगड येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



कापूस-ज्वारीच्या मुलखातून तुम्ही या भाताच्या मुलखात आलात. तुमच्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा इथे एकट्या जुलैत पडून जातो. सवची गरम पाण्याची कुंडे पाहून झाली, अंग मोकळे झाले असेल, तर आता थोडे बसा. आजचा विषय बियाण्याचा नाही की खताचा नाही. बारावी न झालेल्या आपल्या पोरापोरींनी विद्यापीठात जाऊन पत्रकारिता शिकावी की नाही, हा आहे.

हा विषय इथेच का? महाड इथून जवळच आहे. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केला होता, पण तो कागदावर होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी लोकांना घेऊन तळ्याचे पाणी घेतले. आणि ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू केले. मधे दिवस किती? चौदा. सत्याग्रहाला लाठ्या-काठ्यांचा मार बसलेला, पैसा नाही, तरी पहिले काम काय केले, तर पत्र काढले. आपली हकिगत दुसऱ्याच्या लेखणीवर सोडली तर ती कशी छापून येते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

शेतकऱ्यांच्या बाबतीतही हेच घडले आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला. त्यांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सुरू केलेला 'दीनमित्र' तरवडीसारख्या खेड्यातून कित्येक वर्षे चालवला. याच रायगड जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला, त्या काळात नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' उभा केला. १९७९ साली चाकणहून शरद जोशींनी 'वारकरी' काढला. लढा आणि पत्र ही बैलजोडी आहे.

आज पत्रांची वाण नाही. गावोगाव पेपर येतो, हातात मोबाईल आहे. वाण आहे ती प्रश्न विचारणाऱ्याची. हमीभाव जाहीर झाला की मथळा येतो, 'कापूस उत्पादकांना दिलासा'. पण खरेदी केंद्रावर आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात आणि बाराच्या वर गेला की गाडी परत पाठवतात, हे त्या बातमीत नसते. पहिल्या वेचणीचा कापूस दवाने ओला असतो, हे लिहिणाऱ्याला माहीतच नसते. रुईचा उतारा किती धरला, सरकीचा भाव काय होता, हे कोण विचारणार? पैसेवारीचेही तसेच. तहसीलमधून आकडा येतो, पन्नास पैशांच्या वर की खाली, तो जसाच्या तसा छापला जातो. पीक कापणी प्रयोग कोणत्या वावरात झाला, कोणासमोर झाला, हे विचारायला ज्वारीचे कणीस हातात धरलेला माणूस लागतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथल्या सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल कोसळला, एस.टी.च्या दोन गाड्या वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांची रांग लागली. तुमच्याकडेही कॅमेरा येतो तो गळफास घेतलेल्याच्या घरी. त्याच माणसाचा कापूस मार्केट यार्डात तीन दिवस पडून होता, तेव्हा कोणी फिरकले नव्हते.

आता शिकायचे कसे. इंग्लंडात विद्यापीठे पायाचे एक वर्ष ठेवतात. ज्याचे मार्क थेट प्रवेशाला पुरत नाहीत त्याला त्या वर्षात वाचायला, टिपणे काढायला, मुद्दा मांडायला शिकवतात, आणि मग पत्रकारितेच्या पदवीला घेतात. हे काही साहेबांचेच शहाणपण नव्हे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू. त्यांनी पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला आणि बारावी न झालेल्यांना पदवीचे दार उघडून दिले. किती सालदारांच्या पोरांनी, लग्न होऊन शाळा सुटलेल्या किती बायकांनी त्या दारातून पाऊल टाकले असेल! पण प्रवेशाचे नियम बदलत असतात. फॉर्म भरण्याआधी अभ्यासकेंद्रावर जाऊन त्याच वर्षाचे माहितीपत्रक पाहा, चहाच्या टपरीवर ऐकलेल्यावर पैसे भरू नका.

माझे मत विचाराल तर बारावी करूनच घ्यावी. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, कॉलेजात बसावे लागत नाही. बारावी हाती असली की पुढे कोणी दाखला नाकारत नाही. फॉर्म साधारण पावसाळ्यात निघतात, नेमके निंदण-डवरणीच्या दिवसांत, म्हणून ते हुकतात. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका आधीच काढून ठेवा. मग पदवी घरून करा किंवा शहरात. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारिता शिकवली जाते, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे.

भुलवणार मात्र नाही. तालुक्याच्या वार्ताहराला मिळणारे मानधन सालदाराच्या पगाराच्या जवळपासही जात नाही, वर जाहिराती आणायला लावतात. आणि जो दुकानदाराची जाहिरात आणतो तो त्याच्या बोगस बियाण्याची बातमी कशी देणार? म्हणून वावर विकून फी भरू नका. शेती चालू ठेवून शिकेल असेच पोर निवडा. पोरगी असेल तर आधी तिला निवडा. घरात हिशेबाची वही बहुधा तीच लिहिते.

अजून एक. शिकून आलेल्या पोराने संघटनेचे गोडवे गावेत अशी अपेक्षा धरू नका. आपलाही आकडा चुकला तर त्याने तो छापावा. आपल्याला वकील नको, मोजमाप करणारा हवा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने दोन नावे आणावीत. त्या दोघांनी तोपर्यंत एवढेच करावे: दर बाजारवारी यार्डात उभे राहून भाव, ओलावा, कापलेले पैसे आणि परत गेलेल्या गाड्या वहीत लिहाव्यात. त्या वह्या बैठकीत वाचून दाखवू.