नाण्याखालची चिठ्ठी
(रेडिओवरील भाषण)

नाणेसंग्राहकांच्या स्पर्धेत परीक्षक एकेका टेबलापुढून सरकत असतो आणि सभासद आपल्या चौकटीमागे ताटकळत उभा असतो. चौकटीत शिवराई, निजामाचा पैसा, इंग्रजी आणा, १९४३ चा भोकाचा पैसा, सगळे खेटून बसलेले. खाली चिठ्ठी एकच: 'जुनी नाणी'. गुण द्यायचे तरी कशाला?

महाड-पोलादपूरकडच्या संग्राहकांनी हे मुळीच करू नये. रायगड किल्ला महाड तालुक्यातच आहे. ६ जून १६७४ ला तिथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही त्या राजवटीची नाणी. शिवराईच्या एका अंगाला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला दोन ओळींत 'छत्रपति'. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान. त्यामुळे सगळी अक्षरे एकाच नाण्यावर क्वचितच उतरतात. कुठे 'श्री' कापला जातो, कुठे 'शिव' अर्धाच राहतो. अशा दोन-तीन शिवराया शेजारी ठेवून पूर्ण मजकूर जुळवून दाखवला, तर परीक्षक थांबतोच.

मात्र प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. पेशवाईतही ती पाडली जात होती. दोन आडव्या रेषांची दुदांडी शिवराई तर बरीच उशिराची. तिच्याखाली '१६७४' लिहिणे म्हणजे पाहणाऱ्याची फसवणूक.

मांडणी म्हणजे पान वाढणे. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, भात मधे. श्रीखंडावर आमटी ओतली तर पदार्थ कितीही उंची असोत, पाहुणा हात आखडतोच. वजन, व्यास, धातू, टांकसाळ, काळ ही पानाची डावी बाजू. ती थोडीच असते, पण तिच्यावाचून पान वाढले असे कोणी म्हणत नाही. आणि आग्रहाला मर्यादा हवी: चाळीस नाणी कोंबण्यापेक्षा बारा नीट वाढावीत.

म्हणून पुन्हा तेच: चिठ्ठी. नाणे कुठून आले, हेही तिच्यावर हवे. बाजारातून घेतले तर तसे लिहावे. शेतात, पायाच्या खोदाईत सापडले तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरच्या पुरलेल्या धनाला लागू होतो, आणि रायगडचे जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला आहे.

स्पर्धेच्या आदल्या रात्री चिंच लावून शिवराई लखलखीत करणारेही असतात. तांब्यावरचा जुना थर गेला की झिजलेली अक्षरेही पुसट होतात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तर तांब्याला हिरवट चिकटा धरतो.

पुण्यात 'इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स'चे 'कॉइनेक्स' हे नाण्यांचे प्रदर्शन भरते. महाड-पोलादपूरच्या संग्राहकांनी तिथे जाऊन आधी नाणी नव्हे, चिठ्ठ्या वाचाव्यात, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा वजनकाटा काढावा.