भूगोलाचे संशोधन आणि ग्रंथालयाची वाट
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



एम. ए. च्या वर्गातील एक मुलगी मध्यंतरी माझ्याकडे आली. तासगाव तालुक्यातील शेतीवर तिला प्रबंध लिहावयाचा होता. "सर, सांगली जिल्ह्याचे इंग्रजी अमदानीतील गॅझेटियर कुठेच मिळत नाही. विषय बदलू का?" असे ती विचारीत होती.

ते मिळणार कसे? १८८५ साली साताऱ्याचे गॅझेटियर निघाले, तेव्हा सांगली जिल्हाच अस्तित्वात नव्हता. तासगाव, वाळवा आणि खानापूर हे तालुके साताऱ्यात होते, त्यांची माहिती त्याच खंडात आहे. सांगली व मिरज ही संस्थाने होती, ती १८८६ च्या कोल्हापूर खंडात पाहावीत. आटपाडी औंध संस्थानात होती आणि जत हे वेगळे संस्थान होते. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन जिल्हे झाले. १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून १९५१ च्या जनगणनेचे आकडे 'दक्षिण सातारा' या नावाखाली शोधावे लागतात. राज्य शासनाची गॅझेटियरे त्यानंतरची. साताऱ्याचे १९६३ चे व सांगलीचे १९६९ चे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, ग्रंथपालांना "सांगलीवर काही आहे का?" असे मोघम विचारू नका. गाव, तालुका आणि साल सांगा. नकाशा हवा असल्यास सर्व्हे ऑफ इंडियाच्या पत्रकाचा क्रमांक सांगा. सांगली-मिरजेचा भाग ४७ एल मध्ये येतो, महाबळेश्वर व कोयनेचा ४७ जी मध्ये. आपल्या विषयावर पूर्वी कोणी प्रबंध लिहिला आहे काय, हे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात पाहावे. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातील पीएच. डी. चे प्रबंध घरबसल्या वाचता येतात. संदर्भग्रंथ घरी मिळत नाहीत, म्हणून वही आणि प्राचार्यांचे पत्र बरोबर ठेवा. उतारा घेताना ग्रंथाचे नाव, साल व पृष्ठ तिथल्या तिथे लिहा.

विषयांना आपल्याकडे तोटा नाही. कृष्णेचे २००५ व २०१९ चे महापूर आहेत, १९६७ चा कोयनेचा भूकंप आहे. मिरजेत सतार-तंबोरे घडविणारी आपलीच घराणी आहेत. भोपळा कोठून येतो, वाद्य कोठे जाते, हा भूगोलच आहे.

पालकांना एक विनंती. लग्नाच्या खरेदीसाठी आपण मुलीला घेऊन आनंदाने कोल्हापूरला जातो. ग्रंथालयात एक दिवस बसावयाचे म्हटले, की मात्र दहा अडचणी निघतात. ज्या धर्मात पहिली आज्ञा वाचनाची झाली, त्या धर्माच्या लेकींना हे शोभत नाही असे कोण म्हणेल? त्या मुलीचे वडील स्वतः तिच्याबरोबर गेले व दिवसभर वाचनकक्षात वर्तमानपत्र वाचीत बसले. तिने विषय बदलला नाही.

अल्लाह आपल्या मुलांच्या ज्ञानात बरकत देवो.