हृदयविकाराचा वारसा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



एखाद्या घरात अब्बांना पंचेचाळिशीत हृदयविकाराचा झटका येतो. त्याआधी चाचाही त्याच दुखण्याने गेलेले असतात. पुढे मुलांच्या रिश्त्याची बोलणी निघाली की ही गोष्ट हटकून दडवली जाते. आज मला या दडवण्याविषयीच बोलायचे आहे.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या करोनरी धमन्यांत चरबीचे थर साचतात आणि वाट अरुंद होते. कोणाच्या धमन्या लवकर भरतील, हे काही अंशी जनुकांवर अवलंबून असते. 2007 साली नवव्या गुणसूत्रावर असा एक भाग सापडला. आता दोनशेहून अधिक जागा ठाऊक आहेत. एकेकीचा परिणाम किरकोळ, पण थेंबे थेंबे तळे साचते.

एक दोष मात्र किरकोळ नाही. रक्तातले कोलेस्टेरॉल यकृताने टिपून घ्यायचे असते. ते काम करणारे जनुक बिघडलेले असले तर जन्मापासूनच कोलेस्टेरॉल चढे राहते. या शोधाबद्दल ब्राऊन व गोल्डस्टाइन यांना 1985 चे नोबेल मिळाले. अडीचशे-तीनशे माणसांत एखाद्याला हा दोष असतो. आई-बापांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. दोघांनाही असेल, तर चारांत एक शक्यता अशी की मूल दोन्हीकडून दोष घेऊन येईल. अशा मुलाला विशीच्या आत झटका येऊ शकतो. चुलत-मावस भावंडांत आपल्याकडे लग्ने होतात, मामाच्या मुलीशी तर इतर मराठी समाजांतही होतात. दोघांचे दादा किंवा नाना एकच असले की तोच दोष दोघांत असण्याचा संभव वाढतो. रिश्ता मोडा असे मी म्हणत नाही. आधी दोघांचे कोलेस्टेरॉल तपासा, एवढेच म्हणतो.

सगळे खापर जनुकांवर फोडू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची, तरी आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त. तेव्हा घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटात काय उरते, हाही हृदयविकाराचाच प्रश्न आहे.

"आमचे खानदानीच आहे" म्हणत विडी ओढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 2016 साली पंचावन्न हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. जनुकांमुळे जास्त धोका असलेल्यांतही जे तंबाखू ओढत नव्हते, वजन आटोक्यात ठेवत, व्यायाम करत आणि नीट खात, त्यांचा धोका जवळजवळ निम्मा होता. विड्या वळणाऱ्या आपल्या सोलापुराला हे सांगावेच लागते.

विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर वही घ्या. दादा, नाना, चाचा, मामू, फुफी कशाने गेले, वय काय होते, ते लिहा. वडिलांकडच्या किंवा आईकडच्या जवळच्या पुरुषाला पंचावन्नच्या आत, स्त्रीला पासष्टच्या आत झटका आला असेल, किंवा कोणाच्या कोपरावर, टाचेमागच्या शिरेवर पिवळट गाठी असतील, तर ती वही डॉक्टरांना दाखवा आणि स्वतःचे रक्त तपासून घ्या. दोष निघालाच तर स्टॅटिनच्या गोळ्या आहेत, आणि त्या फार महागही नाहीत.