गादी सरकली, असं आपणच सांगतो

सकाळपासून या पत्र्याच्या खुर्च्यांवर बसून स्वतःच्याच कमरेचे हाल करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. पण या धंद्यात मी तुमच्या समजुतीपेक्षा जुनी आहे. मी पायाळू. आमच्या गावात कुणाला उसण भरली की मला बोलावणं यायचं. मी कमरेला पाय लावायचा, त्यांनी 'आई गं' म्हणायचं आणि उठून बसायचं. फी मूठभर शेंगदाणे. गुण यायचा बरं का! साधी उसण चार दिवसांत आपोआप उतरते, हे ना मला ठाऊक होतं ना त्यांना.

परवा एका रुग्णाने मोबाइलवर कायरोप्रॅक्टिकचा व्हिडिओ दाखवला. कट्ट असा आवाज, रुग्ण हसत उभा. मला माझे शेंगदाणे आठवले. हा आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा असतो. हाड जागेवर बसल्याचा नव्हे. या पद्धतीचा जन्म १८९५ सालचा, अमेरिकेत डेव्हनपोर्टचा. डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या माणसाचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा. आता, ऐकण्याची नस पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. पण म्हणून सगळंच मोडीत काढू नका. इटलीत सायटिकाच्या १०२ रुग्णांवर मणक्याच्या अशा हाताळणीची चाचणी झाली, २००६ साली प्रसिद्ध झाली. खरोखरीची हाताळणी मिळालेल्यांपैकी पायाची कळ पुरती थांबलेले ५५ टक्के, लुटुपुटीची मिळालेल्यांत २० टक्के. एका चाचणीवर इमारत उभी राहत नाही, हेही खरं.

मग आपलं कुठे चुकतं? शब्दांत. 'मणक्यात गॅप आलाय', 'गादी सरकली', 'नस दबली' हे शब्द रुग्णाने घरून आणलेले नाहीत, आपण दिलेत. गादी सरकली म्हटल्यावर 'बसवून देतो' म्हणणारा भेटणारच. आणि गादी सरकत नाही हो. ती वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. कडं फाटतं, आतला गर बाहेर येतो. जवळून जाणाऱ्या नसेच्या मुळाला तो दाबतो आणि चिडवतोही. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी हे मांडलं. त्यातला बराच गर शरीर पुढच्या काही महिन्यांत स्वतःच शोषून घेतं. 'गर आलाय, आटेल' हे वाक्य आपण किती जणांना ऐकवलं?

चरकांनी सायटिकाच्या या दुखण्याला गृध्रसी म्हटलं आणि त्याची वाट सांगितली: कुल्ला, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. म्हणजे रुग्णाने बोटाने दाखवलेली वाट. आपण एमआरआय दाखवतो. १९९४ साली अमेरिकेत, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या! कट्ट करणारा निदान पाठीला हात तरी लावतो. रुग्ण तिकडे का जातो, याचं निम्मं उत्तर एवढंच आहे.

गेल्या पावसाळ्यात एक भाजीवाली आली. आधी आपल्यापैकीच एकाकडे दोन महिने शेक घेतलेला, मग तीनदा कट्ट करून झालेलं. फाइल जाडजूड. मी विचारलं, "चालताना काय होतं?" म्हणाली, "बाई, डाव्या पायातली चप्पल रस्त्यातच राहते. मला कळतच नाही, मागनं पोरं हाका मारतात." पाऊल वर उचलायला सांगितलं. उचलेना. तिला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं. चपलेचं तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. अशा पाठीला झटका द्यायचा नसतो; आणि लघवीवर ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, तर आपणही तास वाया घालवायचा नसतो.

दुपारच्या सत्रात सहा रुग्ण येणार आहेत. त्यांच्या फायली आणि फिल्मा मी दाराशीच काढून ठेवायला सांगितल्यात. चपला मात्र घालून येऊ द्या.